तिसऱ्या खिडकीतला माणूस

मुरबाडला एसटी स्टँडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझायनर आहे. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर, दशक्रियेचे फलक, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करतो. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून एसटीच्या गाड्या रंगवतो. या गाड्या मोबाईलवरच्या गेममध्ये धावतात. २०१८ पासून हा नाद लागला तो आजवर सुटलेला नाही. या सात-आठ वर्षांत चित्र कुणाचं असतं, या एकाच प्रश्नानं मला जितकं छळलं आणि शिकवलं तितकं दुकानातल्या कामानंही शिकवलं नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा गेम २०१७ साली मलेओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीनं आणला. त्यात बस चालवायची, प्रवासी घ्यायचे, स्टँडला लावायची. गेम तिकडचा असला तरी त्यातल्या बसला आपण काढलेलं चित्र चढवता येतं. त्याला लिव्हरी म्हणतात, आमची पोरं स्किन म्हणतात. पुढे जाऊन अख्खी गाडीच बनवून आत टाकता येते, तिला मॉड म्हणतात. या एका सोयीमुळे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरांनी इंडोनेशियाच्या रस्त्यांवर लालपरी आणली, हिरकणी आणली, शिवशाही आणली. एसटीची नंबरप्लेट एमएच २० असेल तर गाडी चिकलठाण्याच्या कार्यशाळेची, एमएच १४ असेल तर दापोडीची आणि एमएच ४० असेल तर नागपूरच्या हिंगण्याची, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं. मॉडमध्ये चुकीची प्लेट दिसली की रात्री बारा वाजता मेसेज येतो, ‘दादा, ही गाडी दापोडीची आहे, नंबर बदला.’

स्किन म्हणजे प्रत्यक्षात एक चौकोनी चित्र असतं. बसचं कातडं सोलून सतरंजीसारखं अंथरावं तशी त्यात गाडी पसरलेली असते. वर एक बाजू, खाली दुसरी बाजू, कोपऱ्यात तोंड, त्याच्याशेजारी पाठ, उरलेल्या जागेत टप. पत्र्याचे सांधे, रिबिटा, पायरीजवळचा मळ, मागच्या चाकावर उडालेला चिखल हे सगळं हातानं काढावं लागतं. एक हिरकणी मनासारखी व्हायला मला वीस-बावीस रात्री लागतात. मग फाईल पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरचा, जळगावचा, सावंतवाडीचा कुणी पोरगा तीच गाडी घेऊन स्टँडबाहेर पडतो. त्या आनंदाचं मोल मला पैशात सांगता येणार नाही.

माझी पहिली नावाजलेली स्किन मात्र माझी नव्हती. सरळच सांगतो.

२०१९ च्या सुमारास मी एक जुनी हिरकणी केली. हिरवी-पांढरी, बाजूचा पत्रा थोडा पोचलेला. लोकांना वाटलं हातानं काढली. प्रत्यक्षात नेटवर मला एका गाडीचा बाजूनं काढलेला अतिशय स्वच्छ फोटो सापडला होता. तो मी सरळ केला, ताणला, साच्यात बसवला, वर थोडी रंगरंगोटी केली आणि कोपऱ्यात माझं नाव टाकलं. आठवडाभरात ती सगळ्या ग्रुपांवर फिरली. मला कॉलर ताठ झाल्यासारखं वाटत होतं.

मग एक मेसेज आला. शिवी नव्हती, धमकी नव्हती. ‘भाऊ, स्किन छान झाली. पण हा फोटो माझा आहे. तिसऱ्या खिडकीच्या काचेत बघा.’

मी फाईल मोठी करून पाहिली. तिसऱ्या काचेत, धुळीच्या थराआड, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस दोन्ही हात डोळ्यांपाशी नेऊन उभा होता. हातात कॅमेरा. पाठीमागे स्टँडचा खांब. मी गाडीवरचा प्रत्येक ओरखडा तपासला होता, पण तो माणूस मला दिसला नव्हता. हजारो पोरं माझी गाडी चालवत होती आणि प्रत्येकाच्या गाडीत तो काचेत उभा राहून फोटो काढत होता.

मी त्याला उत्तर पाठवलं, ‘नेटवरून घेतला होता.’ आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते. त्याचा उलट फोन आला. नाशिककडचा माणूस, नोकरी सांभाळून एसटीचे फोटो काढणारा. ती गाडी भंगारात जाणार हे त्याला आगारातून कळलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत तो तीनदा जाऊन उभा राहिला होता. दोनदा गाडी दुसऱ्या फेरीला गेली, तिसऱ्यांदा सापडली, तीही दहा मिनिटं. ‘मला पैसे नकोत,’ तो म्हणाला, ‘पण ती गाडी आता नाही. तिचा एवढाच फोटो आहे आणि त्यावर तुमचं नाव आहे.’

मी स्किन काढून टाकली. म्हणजे माझ्याकडून काढली. जी फिरत होती ती कशी काढणार?

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. आमच्या दुकानात लेटरहेड छापायला येणारे एक वकील आहेत. त्यांना चहा पाजून पाजून मी बरंच समजून घेतलं. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. चित्र काढलं, फोटो टिपला की त्याच क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. कलम ५७ खाली, हक्क विकून टाकला तरी, ‘हे मी केलंय’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतोच. हे ऐकल्यावर मी माझीच एक स्किन कागदावर मांडून पाहिली. गाडीचा साचा केरळच्या एका पोरानं बनवलेला. फोटो नाशिकच्या माणसाचा. बोधचिन्ह आणि रंगसंगती एसटी महामंडळाची. अक्षरांचा फॉन्ट कुठल्यातरी कंपनीचा. गेम इंडोनेशियाचा. मधे माझे होते चिखलाचे शिंतोडे आणि पत्र्यावरच्या सावल्या. एवढ्या लोकांच्या मांडीवर बसून मी कोपऱ्यात एकट्याचं नाव टाकलं होतं.

वकीलसाहेबांनीच मला बाहेरच्या जगातलं शोधायला लावलं. २०१४ साली 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या गेममध्ये खेळाडूंनी पाठवलेली एक बंदुकीची स्किन घेतली गेली. हाऊल तिचं नाव. अशा स्किनच्या विक्रीतला वाटा चित्र पाठवणाऱ्याला मिळतो. पुढे निघालं की ते चित्र दुसऱ्याच चित्रकाराचं होतं. त्याची तक्रार आल्यावर वाल्व्ह कंपनीनं चित्र बदललं, ती स्किन नव्यानं मिळणं कायमचं बंद केलं आणि पाठवणाऱ्यांवर बंदी घातली. त्याआधी नोव्हेंबर २००४ मध्ये मार्व्हल कंपनीनं 'सिटी ऑफ हीरोज' या गेमच्या मालकांवर कॅलिफोर्नियात दावा लावला होता. त्या गेममध्ये खेळणारे आपापला वीर रंगवायचे आणि काहीजण हुबेहूब मार्व्हलचेच वीर उभे करायचे. दावा चालू असताना कळलं की पुराव्यात जोडलेली काही चित्रं मार्व्हलच्याच माणसांनी गेममध्ये जाऊन बनवली होती. कोर्टानं ती बाजूला काढली आणि डिसेंबर २००५ मध्ये तडजोड झाली. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तर आपण फ्लेक्सच्या दुकानात बसून केलेला गोंधळ फार वेगळा नव्हता.

माझे एक काका मुरबाडच्या बाजारपेठेत पेंटर होते. फ्लेक्स येईपर्यंत त्यांचा हात तालुक्यात चालायचा. ट्रकच्या फाळक्यावर गरुड, टेम्पोवर खंडोबा, शाळेच्या भिंतीवर शिवाजी महाराज. त्यांच्याकडे खाके होते. बटर पेपरवर चित्र काढून रेषेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद पत्र्यावर धरायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटत जायची. कागद उचलला की पत्र्यावर ठिपक्यांचा गरुड. म्हसोबाच्या जत्रेच्या आधी कामाची गर्दी झाली की सरळगावचा दुसरा पेंटर त्यांच्याकडे खाका मागायला यायचा. काका द्यायचे. पण मागायला तो सायकल मारत यायचा आणि जत्रा उठली की परत द्यायला पुन्हा यायचा. त्या खाक्याच्या कोपऱ्यात काकांचं नाव सुईच्या भोकांनीच लिहिलेलं असे. दुसऱ्यानं काढलेल्या गरुडाखालीही ते नाव ठिपक्यांत उमटायचं. मग तो पेंटर ते बोटानं पुसून आपलं नाव लिही, आणि काकांना त्याचं काही वाटत नसे, कारण गरुडाला रंग त्यानं भरलेला असायचा. ही देवघेव मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. तरी स्वतःच्या हातात माऊस आला तेव्हा मागायला जायचं असतं हे मला सुचलं नाही.

वारली चित्रांच्या बाबतीतही मी घसरलो होतो. माळशेज घाटासाठी एक खास गाडी करायची म्हणून गेरूच्या रंगावर पांढरा तारपानाच घेतला, एका दिनदर्शिकेवरून उचलून. आमच्या मुरबाडात ठाकर, कातकरी, महादेव कोळी जास्त. वारली मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हारकडचे. पण मुंबईच्या लोकांना सगळं आदिवासी एकच वाटतं आणि मीही त्याच सोयीनं काम केलं. ग्रुपवरच्या डहाणूच्या एका मुलीनं विचारलं, ‘हे कुणी काढलंय?’ मी लिहिलं, ‘पारंपरिक आहे.’ तिचं म्हणणं असं होतं की तारपा वाजवणाऱ्याभोवतीचं ते वेटोळं सगळ्यांचं आहे, पण या चित्रातली ही माणसं, त्यांच्या पायांची ही ठेवण कुणातरी एकाच्या हातची आहे. लग्नचौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुणी कधी विचारली नाहीत, म्हणून त्यांना हात नव्हते असं होत नाही. मला उत्तर नव्हतं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या पेपरांत त्यांचे फोटो होते. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरीही ‘पारंपरिक’ हा शब्द मी पळवाट म्हणून वापरला. ती गाडी मी पुन्हा केली. या वेळी वारली उचललं नाही, घाटातलं धुकं आणि धबधबे स्वतः काढले. पहिलीइतकी देखणी झाली नाही, पण ती माझी आहे.

आता ज्या प्रसंगाचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं तो सांगतो.

२०२१ मध्ये माझी मुरबाड आगाराची लालपरी एका व्हिडिओ चॅनेलवर दिसली. माझं नाव खोडलेलं, त्या जागी दुसऱ्याचं. फाईल कुलूपबंद, आणि कुलपाचा पासवर्ड व्हिडिओत मध्येच कुठेतरी, म्हणजे पूर्ण बघावाच लागेल. शिवाय लिंकवर जाहिराती. मी स्किन फुकट दिली होती आणि हा त्यावर पैसे मिळवत होता. मी रीतसर तक्रार केली. आपल्याकडे नियम असा आहे की लेखी तक्रार आल्यावर अशा साईटनं ३६ तासांत ती गोष्ट हटवायची, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर ती परत ठेवता येते. व्हिडिओ हटला. त्याच रात्री दुसऱ्या नावानं परत आला.

मी त्या चॅनेलवाल्याचा नंबर शोधून काढला. शहापूर तालुक्यातला, आसनगावच्या पुढचा. फोन लावला आणि वकिलांकडून शिकलेलं सगळं त्याच्या अंगावर फेकलं. कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायाधीश शिक्षा कमी करू शकतो हे मुद्दाम गाळलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग एक कोवळा आवाज म्हणाला, ‘पण दादा, तुम्हीच तर फुकट दिली होती ना?’ आठवी-नववीतला पोरगा होता. मोबाईल वडिलांचा. मागून आई विचारत होती, कुणाचा फोन आहे रे?

त्यानं चॅनेलच बंद केलं. मी जिंकलो. दोन महिन्यांनी मी त्याला मेसेज पाठवला, की नाव ठेवून टाकत जा, काही अडलं तर विचार. त्यानं उत्तर दिलं नाही, आजपर्यंत नाही. त्याचे आधीचे व्हिडिओ मी नंतर नीट पाहिले होते. एका गाडीची नंबरप्लेट त्यानं स्वतः काढलेली होती आणि ती बरी होती. नाशिकच्या माणसानं मला जसं सांगितलं होतं तसं मी या पोराला सांगू शकलो असतो. मी कलम सांगितलं. फुकट देणं आणि हक्क सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या फाईलबरोबर कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या पोरानं ते कुठून वाचायचं होतं?

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाईलबरोबर मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी जाते. साचा कुणाचा, फोटो कुणाचा, मी काय केलं, काय करायला हरकत नाही आणि कशासाठी आधी विचारायचं. एसटीच्या गाड्या मी विकत नाही, त्यांच्या लिंकवर जाहिरात लावत नाही, आणि ही फाईल महामंडळाची नाही हे स्पष्ट लिहितो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तेव्हापासून ते नाव लोकांनी सांभाळलंय. माझ्या प्रेमापोटी मी ते काढतो, पण त्यावर दुकान मांडायचा मला अधिकार नाही. मूळ लेयरची फाईल, कच्चे टप्पे आणि तारखा मी जपून ठेवतो. भांडण झालंच तर मोठ्या गप्पांपेक्षा ती अर्धवट फाईल कामाला येते.

ती कामाला आलीही. २०२२ च्या जुलैत पाऊस बघायला मी मोटारसायकलवरून माळशेजकडे निघालो होतो. टोकावड्याच्या पुढे एक खाजगी बस मला ओलांडून गेली आणि तिच्या अंगावर माझा मोर होता. गेममधल्या एका काल्पनिक ट्रॅव्हल्ससाठी मी तो काढला होता. साच्यात डिझेलच्या झाकणाची जागा आडवी येत होती म्हणून पिसाऱ्यातला एक डोळा मी अर्धाच ठेवला होता. खऱ्या बसचं झाकण भलतीकडे होतं, तरी पिसाऱ्यातला तो डोळा अर्धाच. पावसात गाडी बाजूला घेऊन मी बसच्या मागच्या काचेवरचा नंबर लिहून घेतला. खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला होता. एवढा मोठा मोर मी कधी पाहिला नव्हता.

त्या नंबरवरून कळलं की कल्याणच्या एका रेडियमवाल्यानं तो कापून चिकटवला होता. फोनवर त्यानं काय उत्तर दिलं असेल? ‘नेटवरून घेतलाय भाऊ.’ मी तिथंच गप्प झालो. तीन वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य होतं ते.

बसमालक समजूतदार निघाले. त्यांनी रेडियमवाल्याला पूर्ण पैसे मोजले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी माझी लेयरची फाईल दाखवली, अर्धा डोळा दाखवला, ते हसले आणि दुसऱ्या गाडीचं काम त्यांनी मला दिलं. त्या वेळी वकीलसाहेबांनी मला थांबवलं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं तर, वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा, पहिला मालक पैसे देणारा होतो. दुकानात नोकरीचा भाग म्हणून काढलं तर मालक दुकान. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो आणि मुदत लिहिली नाही तर तो ५ वर्षांचा धरतात. म्हणून आम्ही अर्ध्या पानावर लिहून घेतलं, की चित्र त्यांच्या दोन गाड्यांवर वापरायचं, गेममध्ये वापरायचा हक्क माझा. दोघांच्या सह्या आणि तारीख. आमच्या शेठनाही मी तो कागद दाखवला, कारण काम रात्री घरी केलं असलं तरी त्यांच्यापासून लपवायचं नव्हतं.

केरळच्या पोरांचं मला फार वाटतं. तिकडच्या सहलींच्या बसगाड्यांवरची रंगीबेरंगी चित्रं या गेममध्ये आली आणि देशभर गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडक्कंचेरीला मोठा अपघात झाला आणि त्यानंतर तिथं पर्यटक बसला पांढऱ्या रंगाची सक्ती कडकपणे लागू झाली. रस्त्यावरून ती चित्रं गेली. ती आता उरली आहेत फोटोंत आणि पोरांच्या स्किनमध्ये. ज्या पेंटरांनी ती मूळ गाडीवर काढली त्यांची नावं त्या फाईलींत क्वचितच सापडतात. आपल्या लालपरीचे जुने रंगही असेच जात आहेत. ज्या पोरांनी ते जपले त्यांना माझी विनंती आहे की गाडीबरोबर माणसांची नावंही जपा. फोटो कुणी काढला, साचा कुणी बांधला, अक्षर कुणी घातलं, चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात.

नाशिकच्या त्या फोटोवाल्याशी माझं अजून बोलणं होतं. २०२३ मध्ये त्यानं स्वतःहून त्या हिरकणीचे उरलेले फोटो पाठवले, पुढचा, मागचा, आतल्या सीटांचाही. मी ती गाडी पहिल्यापासून नव्यानं केली, दोघांच्या नावानं. खिडक्यांचं काम आलं तेव्हा त्याला विचारलं, काचेतलं तुमचं प्रतिबिंब पुसू का? तो म्हणाला, राहू दे. ती फाईल आज तुम्ही उतरवून घेतलीत तर चौकड्यांच्या शर्टातला तो माणूस तिसऱ्या खिडकीत दिसेल.